रंगांची वही

क्रिस्तियानसुंदच्या धक्क्यावर, खाऱ्या माशांच्या वखारीवर,
हेर ल्युट्केनचं काचेच्या छपराचं दुकान होतं.
मी तिथं आकडे मोजायचे.
एक ते वीस, मोठ्यानं.
आभाळ असलं तर चाळीस.
तेवढा वेळ माणसानं माणूस असू नये,
खांब असावं.

मानेमागं लोखंडी चिमटा मीच लावायचे.
थंडीत तो टेकला की दर्यावर्दी गडीसुद्धा
"अगं, हळू!" म्हणायचे.
मग सगळं थांबायचं.
खाली पिंपांची गडगड, वर समुद्रपक्ष्यांचा कालवा,
आणि मधे एकजण, श्वास कोंडून.

हसू चाळीस आकडे टिकत नाही.
म्हणून त्या वेळची माणसं तुम्हाला रागीट दिसतात.
रागीट नव्हती हो.
माझे आकडे ऐकत होती.

पत्रा चांदीचा, घासून घासून आरसा केलेला.
पाऱ्याच्या वाफेत चेहरा वर यायचा,
गळाला लागलेला मासा
काळ्या पाण्यातून वर यावा तसा.
रंग मात्र यायचा नाही.
निळ्याशी तर त्या पत्र्याचं वैरच,
निळे डोळे पांढरेफटक उमटायचे.
आणि आमच्याकडं निळ्या डोळ्यांवाचून घर कुठलं?
सगळं गाव आंधळं होऊन
मखमलीच्या डब्यांत बसलं होतं.

म्हणून वही.
पत्रा वाफेवर असेतो मी गिऱ्हाइकासमोर बसायचे,
डोळ्यांत डोळे घालून, आणि लिहायचे:
पाद्रीणबाई – राखाडी, चुलीतल्या सकाळच्या राखेचा.
जकातवाला बेर्न्ट – घारा, उजवा जास्त.
सिग्रिडची धाकटी – बांगड्याच्या पाठीचा हिरवा,
पाण्यातून काढल्या काढल्या; तासाभरानंतरचा नव्हे.
मग दोन केसांचा कुंचला, चिमूटभर पूड,
आणि ती बसावी म्हणून
वरून तोंडाची हलकी वाफ.
माझी तसबीर कुणी काढली नाही.
पण त्या शेकडो चेहऱ्यांवर माझा श्वास आहे.

इंगेबोर्ग आली ती फेब्रुवारीत.
तिचा एलिंग ग्रिपच्या खडकांपलीकडं राहिला होता.
होडी मिळाली, तीही अर्धी.
डबी तिनं लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणली.
दीड वर्षापूर्वीची तसबीर,
रंगाचे पैसे तेव्हा नव्हते.
"आता भर," म्हणाली. "डोळे तेवढे."
मी विचारलं, रंग कुठला?
ती तोंड उघडून थांबली.
माझे चाळीस आकडे झाले असते, इतकी.
"मी त्याला जन्म दिलाय," एवढंच म्हणाली
आणि मोज्याचा धागा उसवत बसली.

मी वही काढली. एलिंग होता.
तारीख होती. बटणं होती: पितळी, चार.
डोळ्यांपुढं जागा कोरी.
त्या दिवशी ऊन लवकर गेलं असेल,
किंवा त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर
मी हसत राहिले असेन.
बोलणं आठवत नाही.

मी पान तिच्याकडून वळवून धरलं,
समोर पाहिलं, आणि वाचलं:
"निळा, राखेकडं झुकलेला. बुबुळाच्या कडेला हिरवट."
"हो," ती म्हणाली. "हो, हो. अगदी तस्सेच.
बापाचे घेतले होते त्यानं."

रंग भरला. फुंकर घातली नाही,
वाफच दिली, नेहमीसारखी.
तसा पत्रा म्हणजे आरसाच;
सरळ धरला तर आपण दिसतो,
कलता धरला की गेलेला.
इंगेबोर्गनं तो खिडकीपाशी नेला,
आधी स्वतःला पाहिलं,
मग हळूहळू कलवला.
तिचं कपाळ गेलं, हनुवटी गेली,
पांढरे केस गेले.
डोळे होते तिथंच राहिले.

पैसे मी घेतले. सहा शिलिंग.
रात्री ती कोरी जागा भरून टाकली.
शाई वेगळी आहे, बघितलंत तर कळेल.